भट्टीपुढचा खड्डा

११ जानेवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, खांदा कधी दुखतो, काय करताना दुखतो, ते रोज दोन ओळींत लिहून ठेवा." दोन ओळींत माझं काय भागणार! आमची ही म्हणते, यांच्याशी बोलायला थांबलेलं गिऱ्हाईक पाव शिळा झाल्यावरच घरी पोचतं. म्हणून सरळ जाड वही आणली.

शाळेने मला सोडलं की मी शाळेला, हा वाद अजून मिटलेला नाही. वाचायला शिकलो ते पाव बांधायच्या रद्दीवर. त्यामुळे माझ्या डोक्यातल्या बातम्या सगळ्या अर्ध्याच आहेत, पण अक्षर मात्र वळणदार आहे. भट्टीही मी अशीच बघून बघून शिकलो आणि स्वतःच्या हाताने बांधली.

तर आजची हकीकत. लेकीने ओढत नेलं. "बाबा, आता पुरे. शर्ट घालताना तुम्ही भिंतीशी कुस्ती खेळता." यापूर्वी एका डॉक्टरकडे गेलो होतो. त्यांनी सगळा वेळ माझ्या फोटोकडे बघितलं, माझ्याकडे नाही. हाडांचा फोटो देखणा आला असेल. या बाईंचं वेगळंच. खुर्ची ओढून माझ्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या आणि म्हणाल्या, "दुखतं कुठं ते नंतर. आधी सांगा, बरे झालात की काय करायचंय?"

मी म्हटलं, "भट्टीच्या पार मागच्या कोपऱ्यात पाव लावायचाय."

तिथे आच सगळ्यात चांगली. तिथला पाव खरपूस होतो. पण तिथवर पोचायचं तर भट्टीत पाव सरकवायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं (आम्ही त्याला वल्हं म्हणतो) खांद्याच्या जोरावर आत लोटावं लागतं, आणि गेले कितीक महिने तो कोपरा रिकामा जातोय. मी भट्टीबद्दल बोलत सुटलो. बाईंनी घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही. उलट विचारलं, "पाव पालटता कसा?" असा डॉक्टर मी जन्मात बघितला नाही!

१४ जानेवारी

बोगद्यात घालून खांद्याचा फोटो काढला. आत ठोकाठोकीचा असा आवाज, की मला वाटलं शेजारी गवंडी काम करतोय. निकाल असा, की खांदा उचलणाऱ्या दोऱ्यांपैकी एक बरीच फाटलीय.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. दोन वाटा सांगितल्या. एक, नुसता व्यायाम. काही जणांचं त्यावर भागतं. दुसरी, दुर्बिणीतून दोरी शिवायची. मग दीड महिना हात गळ्यात, आणि वल्हं धरायला उन्हाळा उलटणार. "वाट तुम्ही निवडायची. पण त्याआधी मला तुमचं काम बघू द्या."

"म्हणजे मी इथे करून दाखवू?"

"नाही. मी येते भट्टीवर."

लेकीला घरी येऊन सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. पैलवानाचाही नाही. पैलवान म्हणजे आमचा पीठ मळणारा. वजन पिठाच्या पोत्याएवढं, अक्कलही बऱ्यापैकी. म्हणाला, "मालक, डॉक्टर घरी येतात ते आजारी माणूस फारच मोठा असला तर, नाहीतर फारच गेलेला असला तर. तुम्ही यातले कुठले?"

१९ जानेवारी

आल्या! पहिला घाणा भट्टीत जायच्या वेळेला दारात उभ्या. पायात साधे बूट, हातात काही नाही. आमच्या हिने चहा पुढे केला तर उभ्यानेच प्यायल्या आणि म्हणाल्या, "काका, मी इथे नाहीच असं समजा."

मी असा काही हात चालवला की विचारू नका. दुखत होतं, पण पाहुणी बघतेय म्हटल्यावर म्हातारा बैलही शेपटी उडवतो. बाई आधी एका बाजूने बघत होत्या, मग दुसऱ्या, मग चक्क खाली बसून.

आमच्याकडे भट्टीच्या तोंडापुढे खड्डा आहे. पावभट्टीपुढे तो असतोच. भाजणारा त्यात उतरून उभा राहतो, म्हणजे भट्टीचं तोंड त्याच्या हाताशी येतं. बाईंनी विचारलं, "हा खड्डा कुणाच्या मापाने खणलाय?"

मी अभिमानाने सांगितलं, "उस्तादांच्या. ज्यांच्याकडे मी शिकलो त्यांच्या भट्टीचं माप सुतळीने घेतलं आणि तसाच्या तसा खणला."

"उस्ताद उंचीला कसे होते?"

"ताडमाड! दारातून वाकून यायचे." बोललो आणि माझंच तोंड उघडं राहिलं.

बाई हसल्या नाहीत. मला परत उभं केलं, वल्हं हातात दिलं, माझ्या कोपराला बोट लावलं. "बघा. भट्टीचं तोंड तुमच्या छातीशी येतंय. कोपर खांद्याच्या वर जातंय. प्रत्येक पावाला. इतकी वर्षं." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. सगळी हयात मी उस्तादांच्या खड्ड्यात उभा राहिलो आणि दोष द्यायचो हवेला, थंडीला, उशीला.

पुढे बाई जे बोलल्या ते मात्र मला झोंबलं. "दोरी मी शिवीन. पण शिवून परत याच खड्ड्यात पाठवायचं असेल, तर नाही शिवणार. जमीन वर घ्यायला हवी."

मी म्हटलं, "बाई, खड्डा म्हणजे भट्टीचा पाया. उस्तादांचं माप आहे ते."

"उस्तादांचा खांदा तुम्हाला थोडाच दिला होता त्यांनी?"

यावर पैलवान पिठात तोंड खुपसून हसला.

जाता जाता बाईंनी वेळ फुकट घालवला तो आमच्या हिच्याशी बोलण्यात. ही भांडी घेऊन खड्ड्याच्या पायऱ्या उतरत होती, तर म्हणे, "काकू, तुम्ही आडव्या का उतरता? गुडघा कधीपासून?" ही म्हणाली, "ते काय, वयाचं असतं." बाई म्हणाल्या, "दुसरा गुडघाही त्याच वयाचा आहे ना? तो का नाही दुखत?" त्यावर दोघी बराच वेळ कुजबुजत राहिल्या. मी इथे खांदा धरून उभा, आणि गप्पा गुडघ्याच्या! असो. बायकांचं आपसात जमतं.

२२ जानेवारी

ठरलं. दोरी शिवायची. जमीनही वर घ्यायची, पण मी परत कामावर यायच्या वेळी. आत्ता भट्टी बंद ठेवली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची वाट धरेल.

८ फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहितोय. झालं. शुद्धीवर आलो तर बाई समोर. म्हणाल्या, दोरी छान बसली. मी विचारलं, कोपरा? म्हणाल्या, मिळेल.

१३ फेब्रुवारी

डावा हात फारच अडाणी आहे. त्याला शाळेत घालायला हवं.

१७ फेब्रुवारी

माझ्या जागी भट्टीवर एक माणूस ठेवला होता. हात चांगला म्हणून कुणीतरी सांगितलं. हात चांगलाच होता, फक्त कोळसे करण्यात. सलग दोन सकाळी त्याने पावाची राख केली आणि वर म्हणतो, भट्टीतच दोष आहे. नाचता येईना, अंगण वाकडं! त्याला नमस्कार केला.

मी म्हटलं, "आता काही दिवस बंदच ठेवू."

ही गल्ल्यावरून उठली, माझा अॅप्रन काढून कमरेला बांधला, पावाची दोन लाकडी खोकी पालथी घालून खड्ड्यात ठेवली (ही माझ्या खांद्याला लागते, एवढीच उंच) आणि त्यांवर चढून वल्हं हातात घेतलं. मी ओरडलो, "अगं, तुला जमायचं नाही!" ही म्हणाली, "इतकी वर्षं समोर बसून बघितलंय ते काय, सिनेमा?"

पहिला घाणा वाकडातिकडा. दुसरा बरा.

२६ फेब्रुवारी

मी पिठाच्या पोत्यावर बसतो आणि तिला सांगतो: डावीकडे घे, उजवीकडे आच जास्त आहे, आता पालट. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आज तिने वल्हं थांबवलं. "अहो, तुमचा खांदा बांधला तसं तोंडही बांधायला हवं होतं. डॉक्टरीणबाई तेवढं विसरल्या."

पण जीव लावून करतेय बिचारी. माझ्यामुळे तिला हा ताप. मी बरा झालो की सुटेल एकदाची.

९ मार्च

एक चमत्कार. पाव दुपारपर्यंत टिकतच नाही. पोस्टमन सांगत होता, "काका, हल्ली पापुद्रा काय सुरेख सुटतो!" मी म्हटलं, लाकूड या खेपेला चांगलं आलंय. पैलवान माझ्याकडे बघून खोकला. त्याला सर्दी झालेली दिसते.

ही हल्ली भट्टीपुढे गुणगुणते. माझ्या सगळ्या संसारात मी हिचं गाणं ऐकलं नव्हतं. वेळ जात नसेल, म्हणून असेल.

संध्याकाळी मात्र पाय उशीवर ठेवून बसते. विचारलं तर म्हणते, काही नाही, उकडतंय.

२३ मार्च

गळ्यातली पट्टी सुटली! हात असा हलका वाटतोय, जसा काही दुसऱ्याचाच. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी कप्पीवरची दोरी दिली. बऱ्या हाताने खाली ओढायची, दुखरा हात वर जातो. मी पिठाचं पोतं चढवायच्या हुकाला घरी तसंच यंत्र बसवलं आणि दिवसभर ओढत बसलो. अति तिथे माती. रात्री खांदा नगाऱ्यासारखा वाजत होता.

डॉक्टरीणबाईंना फोनवर सांगितलं. रागावतील वाटलं होतं. म्हणाल्या, "काका, खमीर घातल्यावर पीठ लवकर फुगावं म्हणून तुम्ही त्याला थापट्या मारता का?"

"नाही."

"मग खांद्याला का मारता?"

माझ्याच भाषेत माझेच कान धरले. शहाण्याला शब्दाचा मार. आता सांगितलं तेवढंच करतोय.

२० एप्रिल

आज स्वतःच्या उजव्या हाताने भांग पाडला! आरशापुढे उभं राहून तीनदा पाडला. डोक्यावर केस फारसे नाहीत हा मुद्दा वेगळा. लेकीला फोन केला, "बघ, पाडला!" ती म्हणाली, "काय पाडलं बाबा? कुठे पडलात?" आधी घाबरली, मग इतकी हसली की तिच्या ऑफिसातले लोक जमा झाले.

३० मे

दुखणं मुंगीच्या पावलांनी जातंय. रिकामं वल्हं हवेत चालवून बघितलं. कोपर खाली ठेवून, बाईंनी शिकवलं तसं. पैलवान म्हणाला, "मालक, नाव कुठे बुडाली?" बोल बाबा. घोडंमैदान जवळच आहे. येत्या भेटीत बाई परवानगी देणार, गवंडी बोलवायचा, जमीन माझ्या मापाने वर घ्यायची आणि मी भट्टीपुढे! आनंदाने मला काल दोन वेळा जेवायचं आठवलं नाही. हिला वाटलं मी आजारी पडलो.

हिलाही सांगितलं, "आता थोडेच दिवस. मग तू आपली सुखाने गल्ल्यावर बस." ती पाव मोजत होती. मोजता मोजता चुकली आणि पहिल्यापासून मोजायला लागली.

१५ जून

भेट झाली. मी, ही आणि लेक. बाईंनी माझा हात वर, मागे, बाजूला, सगळीकडे फिरवून बघितला आणि टाळी दिली. खरंच टाळी दिली, उजव्या हातावर! म्हणाल्या, "जुलैपासून वल्हं धरा. सुरुवातीला अर्धे पाव. आणि जमीन वर घेतल्याशिवाय नाही."

मी उठतच होतो. बाई म्हणाल्या, "बसा काका. आज मी काकूंनाही बोलावलंय."

मग कळलं, की ही मधल्या काळात लेकीबरोबर येऊन गुडघ्याचा फोटो काढून गेली होती. मला पत्ता नाही! गुडघ्यातली गादी झिजलीय. मी विचारलं, "कापावं लागेल?"

"आत्ता नाही. ऑपरेशन कुठे पळून जात नाही. लागलं तर मी आहेच. आधी मांडीला ताकद आणू, वजन थोडं उतरवू, आणि त्या खड्ड्याच्या पायऱ्या बंद करू. खोक्यांवर चढणं-उतरणं तर आजपासून बंद." मग खुर्ची ओढून हिच्या जवळ सरकल्या. "पण काकू, तुम्हाला ते विचारायचं राहिलंय. बऱ्या झालात की काय करायचंय?"

मला वाटलं, ही म्हणेल बाजारात चालत जायचंय. किंवा बहिणीकडे.

ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वल्हं सोडायचं नाहीये."

लेक खिडकीबाहेर बघायला लागली. तिला आधीच माहीत होतं वाटतं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "चालेल. गुडघा त्याला नाही म्हणणार नाही. उभं राहायची जागा मात्र तुमच्या उंचीची हवी. काकांच्या मापाची जमीन केली, तर तुमचं कोपर वर जाईल आणि वर्षभरात तुमचा खांदा घेऊन याल. तुमच्या मापाची केली, तर काकांना वाकावं लागेल."

मी म्हटलं, "जमीन माझ्या मापाची आणि हिला एक फळी?"

"सुटी फळी नाही. पाव घेऊन फळीवरून पाय घसरला, तर मग गुडघा खरंच मला बदलावा लागेल. जमीन एकच. कुणाची, ते घरी ठरवा."

१६ जून

आज काही लिहायचं नाही.

१७ जून

लिहितो. न लिहून कुणाला सांगू?

मी चिडलोय. भट्टी माझी आहे. प्रत्येक वीट माझ्या हाताने लावली. सगळे महिने मी एकाच गोष्टीसाठी दोरी ओढली, घाम गाळला. आणि आता मी वल्हं धरायला निघालो तर ही म्हणते सोडायचं नाहीये. म्हणे गुडघा दुखतो. दुखतो तर बसावं ना!

पैलवानापुढे मन मोकळं केलं. तो मळता मळता म्हणाला, "मालक, एक विचारू? मार्चात लाकूड कुठून आणलं होतं?"

"नेहमीच्याच वखारीतून."

"हं," म्हणाला आणि परत मळायला लागला.

२१ जून

आज सकाळी पोत्यावर बसलो आणि पहिल्यांदाच तोंड बंद ठेवून बघितलं. खोकी बंद झाल्यापासून ही खड्ड्यात नुसत्या जमिनीवर उभी राहून भाजतेय. भट्टीचं तोंड तिच्या हनुवटीशी येतं. तरीही ती पाव आत सोडते तेव्हा वल्हं असं झटक्यात मागे घेते, की पाव जागचा हलत नाही. मी तसं कधीच केलं नाही, मी ढकलायचो. उजवीकडची जास्तीची आच तिने टाळली नाही, तिथे ती जाड पाव लावते. आणि मागच्या कोपऱ्यात, माझ्या कोपऱ्यात, पाव होते. एकाला एक चिकटून, तांबूस, फुगलेले. मी इतके महिने तिला डावीकडे-उजवीकडे सांगत होतो, आणि कोपरा ती कधीची भरत होती कुणास ठाऊक.

एक पाव फोडून खाल्ला. माझ्यापेक्षा चांगला आहे.

हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला, पण लिहिल्यावर का कोण जाणे, छाती हलकी झाली आणि हसू आलं. घरात दोन भाजणारे! एवढ्या मोठ्या गावात कुणाकडे आहेत?

२८ जून

भट्टी दोन दिवस बंद. गवंडी आला. विटा आल्या, सिमेंट आलं, लेक सुट्टी घेऊन आली, पैलवान मदतीपेक्षा लुडबूड जास्त करतोय. मला लग्नघरासारखं वाटत होतं.

गवंड्याने ओळंबा काढला, खडू कानावर लावला आणि म्हणाला, "बोला, माप कुणाचं घेऊ?"

ही लगेच म्हणाली, "यांचं घ्या. भट्टी यांची आहे."

मी म्हटलं, "हिचं घे."

"अहो—"

"तू गप्प बस गं. माप घेताना बोललं की फुटपट्टी चुकते."

गवंडी हिशेब करून म्हणाला, "काकूंच्या मापाने घेतलं तर तुम्हाला भट्टीपुढे चांगलंच वाकावं लागेल, काका. कंबर नंतर मला शिव्या देईल."

"वाकेन. जमेल तेवढं भाजेन, नाहीतर पैलवानाशेजारी मळायला उभा राहीन. आजवर ताठ उभा राहून काय मिळवलं? खांदा फाडून घेतला."

लेक डोळे पुसायला लागली. पैलवानाला परत खोकला आला; त्या माणसाने औषध घ्यायला हवं.

ही मात्र रडली नाही, हसली नाही, काही नाही. पुढे झाली, भट्टीच्या तोंडाशी ताठ उभी राहिली, कोपर अंगाशी धरून हात पुढे केला. गवंड्याने खडू टेकवला तशी ओरडली, "थांबा थांबा! हे चपलेवरचं माप झालं. मी कामाला बूट घालते. नंतर बोटभर फरक पडला तर?" आणि लगबगीने घरात पळाली बूट आणायला, अशी पळाली की मला मागून ओरडावं लागलं:

"अगं, गुडघा! गुडघा सांभाळ!"

ऐकतेय कोण.